परदेशी रुजणे : स्वभाव किती, परिस्थिती किती?

फेब्रुवारी 2024 मध्ये महाराष्ट्र शासनाने जर्मनीतील बाडेन-वुर्टेम्बर्ग या राज्याशी कुशल मनुष्यबळ पुरविण्याचा करार केला. प्रारंभी दहा हजार तरुण पाठवावयाचे आणि त्यांना जर्मन भाषेचे शिक्षण येथेच द्यावयाचे, अशी त्याची रूपरेषा जाहीर झाली. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये जर्मनीने भारतीय कुशल कामगारांसाठी वर्षाला द्यावयाच्या व्हिसांची मर्यादा 20 हजारांवरून 90 हजारांवर नेली. आखाती देशांची वाट तर आपल्याला जुनीच आहे. तेथील सहा देशांत मिळून सुमारे 90 लाख भारतीय राहतात. परंतु करार झाले म्हणजे माणसे जातातच असे नाही, आणि गेलेली माणसे टिकतातच असेही नाही. म्हणून या साऱ्या आकड्यांच्या मागे एक साधा प्रश्न उभा राहतो : परक्या देशात कोणाचे निभावते आणि कोणाचे निभावत नाही?

या प्रश्नाला आपल्याकडे एक ठरावीक उत्तर आहे. ते म्हणजे, ‘ज्याच्या त्याच्या स्वभावावर आहे.’ मिळून-मिसळून वागणारा, बोलका, खाण्यापिण्याच्या सोवळ्यात न अडकणारा मनुष्य कोठेही जगतो. घुमा, हळवा आणि हट्टी मनुष्य सहा महिन्यांत परत येतो, असे आपण सहज बोलून जातो. परत आलेल्याच्या पाठीमागे तर आपण याहून कठोर बोलतो. ‘त्याला जमले नाही’ या तीन शब्दांत त्याची सारी हकीकत मिटवून टाकली जाते. या उत्तरात तथ्य नाही असे नाही. किंबहुना मानसशास्त्राने गेल्या सत्तर वर्षांत त्यातील तथ्यांश बराच निश्चित केला आहे. परंतु तथ्यांश किती आणि त्याच्या आडोशाने आपण कोणाची जबाबदारी कोणाच्या माथी मारतो, हे पाहणे आवश्यक आहे. प्रस्तुत लेखाचा हेतू तोच आहे.

प्रथम शास्त्र काय सांगते ते पाहू. या विषयाच्या पद्धतशीर अभ्यासाला सुरुवात झाली ती स्वेर लिसगार्ड या नॉर्वेजियन समाजशास्त्रज्ञाच्या 1955 च्या लेखापासून. फुलब्राइट शिष्यवृत्तीवर अमेरिकेत जाऊन आलेल्या दोनशे नॉर्वेजियनांची त्याने विचारपूस केली. पहिले काही महिने बरे जातात, सहा महिन्यांपासून दीड वर्षापर्यंतचा काळ सर्वांत अवघड असतो आणि त्यानंतर मनुष्य पुन्हा सावरतो, असे त्याला दिसले. पुढे 1960 मध्ये कालेर्वो ओबर्ग या मानवशास्त्रज्ञाच्या लेखाने ‘सांस्कृतिक धक्का’ ही कल्पना सर्वतोमुखी केली. रोजच्या व्यवहारातील शेकडो लहान खुणा, म्हणजे केव्हा हात मिळवावा, केव्हा नकार द्यावा, विनोद कोणता आणि अपमान कोणता, या एकाएकी निरुपयोगी होतात आणि मनुष्य गोंधळतो, असे त्याचे म्हणणे. लिसगार्डचा आलेख मात्र सर्वत्र लागू पडत नाही. न्यूझीलंडमध्ये शिकावयास गेलेल्या जपानी विद्यार्थ्यांच्या 1998 मधील पाहणीत सर्वांत वाईट काळ मधला नसून अगदी आरंभीचा असल्याचे आढळले. पहिल्या काही आठवड्यांच्या ‘मधुचंद्रा’ची जी कल्पना आपण ऐकतो ती सर्वांच्या वाट्याला येत नाही, हे परदेशी जाणाऱ्याने आधीच जाणून असावे.

स्वभावासंबंधीचे संशोधन याच्या पुढची पायरी आहे. मानसशास्त्रज्ञ आज स्वभावाची मोजदाद साधारणपणे पाच अंगांनी करतात : बहिर्मुखता, सौजन्य, कर्तव्यदक्षता, मानसिक स्थैर्य आणि नव्याविषयीचे औत्सुक्य. पॉला कॅलिजुरी या अमेरिकन संशोधिकेने 2000 साली परदेशी नेमलेल्या कंपनी-कर्मचाऱ्यांचा अभ्यास करून असे दाखविले, की जे बहिर्मुख, सौजन्यशील आणि स्थिर वृत्तीचे होते त्यांना नेमणूक अर्धवट सोडून परतावेसे कमी वाटे. आणि वरिष्ठांनी ज्यांचे काम चांगले ठरविले ते मुख्यतः कर्तव्यदक्ष होते. त्याच वर्षी नेदरलँड्समधील व्हॅन डर झी आणि व्हॅन औडेनहोव्हन यांनी परदेशवासासाठी खास प्रश्नावली तयार केली. परक्याच्या मनात शिरण्याची शक्ती, मोकळी दृष्टी, आपण होऊन ओळख करून घेण्याची तयारी, मानसिक स्थैर्य आणि लवचीकपणा ही पाच माने त्यांनी त्यात धरली. थोडक्यात, ‘स्वभावावर आहे’ हे आपले लोकमत सर्वस्वी निराधार नाही.

परंतु याच संशोधनात दोन गोष्टी अशा आहेत, की त्या लोकमताला मुरड घालतात.

पहिली गोष्ट ही, की ‘जुळणे’ ही एकच क्रिया नव्हे. स्ट्युअर्ट ब्लॅक आणि त्याच्या सहकाऱ्यांनी 1988 ते 1991 या काळात तिचे तीन भाग पाडले : कामाशी जुळणे, तेथील माणसांशी जुळणे आणि घर, हवा, अन्न, बाजार, दवाखाना या सर्वसाधारण जीवनाशी जुळणे. एखादा अभियंता कार्यालयात पहिल्या दिवसापासून रुळतो, पण वर्षानुवर्षे त्याला शेजाऱ्याचे नाव ठाऊक नसते. एखादी परिचारिका रुग्णांची लाडकी होते, पण तिला तेथील जेवण गळ्याखाली उतरत नाही. या तिघांची मागणी वेगवेगळ्या गुणांकडे असते. मग ‘जुळवून घेणारा स्वभाव’ म्हणजे नेमका कोणता?

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची आहे. कॉलीन वॉर्ड आणि चँग यांनी 1997 मध्ये सिंगापुरात राहणाऱ्या अमेरिकनांची पाहणी केली. बहिर्मुख अमेरिकन अधिक सुखी असतील अशी सामान्य अपेक्षा असावयास हवी होती. परंतु नुसत्या बहिर्मुखतेचा सुखाशी संबंध आढळला नाही. ज्यांची बहिर्मुखता सिंगापूरच्या सर्वसाधारण पातळीपासून अधिक दूर होती त्यांना औदासीन्य अधिक होते. म्हणजे एका समाजात जो गुण, तोच दुसऱ्या समाजात आगाऊपणा ठरू शकतो. पुढील काळात, विशेषतः 2004 च्या पाहणीत, या सिद्धांताला तितकासा भक्कम दुजोरा मिळाला नाही हेही प्रामाणिकपणे सांगावयास हवे. तरीही सर्व देशांत चालणारे असे स्वभावाचे एकच नाणे नाही, एवढा सावधपणा त्यातून नक्कीच शिकता येतो.

आपल्या तरुणांना जेथे पाठविण्याची भाषा चालली आहे त्या बाडेन-वुर्टेम्बर्गचेच उदाहरण घ्या. या राज्याच्या श्वाबेन भागात ‘केहरवोखे’ नावाची रूढी आहे. इमारतीचा जिना आणि दारासमोरचा रस्ता झाडण्याची पाळी आठवड्याआठवड्याने एकेका बिऱ्हाडावर येते आणि ती चुकविणे शेजाऱ्यांना खपत नाही. रविवारी बहुतेक सर्व दुकाने बंद. रात्री दहानंतर आवाज नाही. जर्मन भाषेत आपल्या ‘तू’ आणि ‘तुम्ही’ यांच्यासारखा भेद आहे आणि ‘तुम्ही’वरून ‘तू’वर येण्यास तेथे पुष्कळ काळ जावा लागतो. आता आपल्याकडील चाळीत किंवा वसतिगृहात ज्याला आपण मनमिळाऊ म्हणतो, म्हणजे जो न बोलावता घरात येतो, मोठ्याने हसतो आणि पहिल्याच भेटीत पगार विचारतो, त्याची त्या जिन्यावर काय गत होईल? उलट आपल्या दृष्टीने घुमा असलेला, पण दिलेली वेळ पाळणारा आणि आपली पाळी आली की निमूटपणे जिना झाडणारा तरुण तेथे भला माणूस म्हणून ओळखला जाण्याचा संभव अधिक.

दरवर्षी पदवीच्या शेवटच्या वर्गातील दोन-चार विद्यार्थी, बहुधा तास संपल्यावर वर्ग रिकामा झाला की, विचारतात : ‘सर, माझा स्वभाव बुजरा आहे. मला बाहेर झेपेल का?’ या मुलांना मी सांगतो ते हेच. बुजरेपणा ही अपात्रता नव्हे. अपात्रता असेल तर ती भाषा न शिकण्याच्या आळसात आहे, करार न वाचता सही करण्यात आहे. स्वभावाला औषध नाही असे म्हणतात. भाषेला आणि अज्ञानाला मात्र निश्चित औषध आहे. आणि स्वभावाविषयीची म्हणही पूर्णपणे खरी नाही. परदेशी एखादे सत्र किंवा वर्ष काढून आलेल्या जर्मन विद्यार्थ्यांची घरी राहिलेल्यांशी तुलना करणारी एक मोठी पाहणी 2013 मध्ये प्रसिद्ध झाली. गेलेले विद्यार्थी मुळातच काहीसे वेगळे होते, हे तीत दिसले. पण परतल्यावर त्यांचे औत्सुक्य आणि सौजन्य वाढले होते आणि मनाची अस्थिरता कमी झाली होती, हेही दिसले. मनुष्य स्वभाव घेऊन जातो, त्याप्रमाणे काही प्रमाणात स्वभाव घेऊन येतोही.

येथवर मानसशास्त्र झाले. आता अर्थशास्त्राच्या बाजूने एक आक्षेप घेतला पाहिजे. वर ज्या पाहण्या सांगितल्या त्या कोणाच्या आहेत? शिष्यवृत्तीधारकांच्या, विद्यापीठातील विद्यार्थ्यांच्या आणि मोठ्या कंपन्यांनी नेमलेल्या व्यवस्थापकांच्या. यांच्या खिशात परतीचे तिकीट असते, घरभाडे कंपनी देते आणि मुलांच्या शाळेची सोय झालेली असते. परिस्थितीची बाजू अशी सुरक्षित झाल्यावर जो फरक उरतो तो स्वभावाचाच दिसणार. ज्या शेतात पाणी, खत आणि ऊन सर्वत्र सारखे आहे तेथे पिकातील फरक बियाण्याचा ठरतो. परंतु म्हणून खडकावर न उगवलेल्या दाण्याला निकस म्हणता येत नाही. आपल्या देशातून बाहेर जाणाऱ्या लक्षावधी लोकांची परिस्थिती व्यवस्थापकाची नसून खडकावरच्या दाण्याची आहे.

12 जून 2024 रोजी कुवेतमधील मंगफ येथे कामगार दाटीवाटीने राहत असलेल्या एका इमारतीला पहाटे आग लागली आणि तीत चाळीसहून अधिक भारतीय मृत्युमुखी पडले. त्यांत कोण बहिर्मुख होता आणि कोण लवचीक, या प्रश्नाला काय अर्थ आहे? आखातात अनेक वर्षे चालत आलेल्या ‘कफाला’ पद्धतीत कामगाराचा तेथील वास्तव्याचा परवाना मालकाच्या हाती असे. मालकाच्या संमतीवाचून नोकरी बदलता येत नसे आणि काही देशांत मायदेशी परतताही येत नसे. कतारने 2020 मध्ये आणि सौदी अरेबियाने 2021 मध्ये ही बंधने बऱ्याच अंशी सैल केली. जो कामगार 2019 मध्ये ‘कुढत’ होता आणि 2022 मध्ये दुसरी नोकरी मिळवून खुशीत आला, त्याचा स्वभाव बदलला की कायदा बदलला? एकच मनुष्य दोन व्यवस्थांत दोन प्रकारचा दिसतो, आणि आपण मात्र मनुष्याचेच गुणदोष मोजीत बसतो.

याचे सर्वांत बोलके उदाहरण आपल्याच इतिहासात आहे. भीमराव आंबेडकर 1913 मध्ये न्यूयॉर्कला गेले, कोलंबिया विद्यापीठात अर्थशास्त्र शिकले आणि तेथून लंडनला गेले. परक्या देशातील त्या वर्षांत आपण अस्पृश्य आहोत ही जाणीवच पुसली गेली होती, असे त्यांनी पुढे आपल्या आठवणींत नमूद केले आहे. शिष्यवृत्तीची मुदत संपल्यामुळे ते 1917 मध्ये परतले आणि कराराप्रमाणे बडोदे संस्थानच्या नोकरीत रुजू झाले. तेथे त्यांना राहावयास खोली मिळेना. एका पारशी धर्मशाळेत पारशी नाव घेऊन ते राहिले आणि काही दिवसांतच लाठ्या घेतलेल्या जमावाने त्यांना तेथून बाहेर काढले. न्यूयॉर्कमध्ये सहज राहू शकलेला मनुष्य बडोद्यात राहू शकला नाही. मनुष्य तोच, बुद्धी तीच, स्वभावही तोच. परका देश त्यांना आपला वाटला आणि आपला देश परका झाला. येथे जुळवून न घेण्याचा दोष कोणाचा होता हे सांगावयास नको. परदेशातील यशापयशाचा विचार करताना ही हकीकत ज्याच्या डोळ्यांपुढे राहील तो ‘त्याला जमले नाही’ हे वाक्य सहजासहजी उच्चारणार नाही.

स्वभाव आणि परिस्थिती यांचा मेळ कसा बसतो, किंवा बसत नाही, याची आणखी दोन मराठी उदाहरणे बोधप्रद आहेत. आनंदीबाई जोशी 1883 मध्ये एकट्या अमेरिकेला गेल्या आणि 1886 मध्ये फिलाडेल्फियातील स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयातून त्यांनी पदवी घेतली. स्थैर्य, सौजन्य, कर्तव्यदक्षता यांपैकी कोणत्या गुणाची त्यांच्या ठायी उणीव होती? कार्पेंटर कुटुंबाने त्यांना लेकीप्रमाणे मानले. त्यांच्यामागून तेथे गेलेल्या गोपाळरावांचे मात्र त्या समाजाशी खटके उडत राहिले. एकाच घरातील दोन स्वभावांत किती अंतर असते ते यावरून दिसते. तरीही आनंदीबाईंच्या स्वभावाने त्यांना थंडीपासून आणि अपुऱ्या आहारापासून वाचविले नाही. क्षयाने पोखरलेल्या शरीराने त्या परतल्या आणि 26 फेब्रुवारी 1887 रोजी, वयाची बावीस वर्षे पुरी होण्याआधीच, पुण्यात निवर्तल्या. उत्तम स्वभावाचा एक धोका असा, की तो तक्रार करू देत नाही.

दुसरे उदाहरण वर्ध्याच्या पांडुरंग खानखोजे यांचे. गदर चळवळीतील हा क्रांतिकारक देशोदेशी भटकून 1924 मध्ये मेक्सिकोत पोचला आणि चापिंगो येथील राष्ट्रीय कृषिविद्यालयात प्राध्यापक झाला. त्यांनी मक्याच्या वाणांवर संशोधन केले आणि शेतकऱ्यांसाठी मुक्त कृषिशाळा चालविल्या. दिएगो रिव्हेरा या जगद्विख्यात चित्रकाराने आपल्या भित्तिचित्रात त्यांना स्थान दिले. खानखोजे स्वभावाने धाडसी होते यात शंका नाही. परंतु हेही लक्षात घ्यावयास हवे, की क्रांतीनंतरच्या मेक्सिकोला त्या वेळी शेतीच्या जाणकारांची निकड होती आणि परक्याला प्राध्यापकाची खुर्ची देण्याइतके मन त्या समाजाने मोठे केले होते. रुजणाऱ्याचे कौतुक करताना जमिनीला विसरून चालत नाही.

आणि ही वाट एकेरी नाही. ज्ञानकोशकार केतकरांशी 1920 मध्ये विवाहबद्ध झालेल्या एडिथ कोहन या जर्मन-ज्यू कुटुंबातील विदुषी. शीलवती केतकर होऊन त्या पुण्यात राहिल्या, मराठी शिकल्या, विंटरनिट्झ यांच्या भारतीय वाङ्मयाच्या इतिहासाचा त्यांनी जर्मनमधून इंग्रजीत अनुवाद केला आणि पुढे मराठीत आत्मकथन लिहिले. आज जर्मन शिकू पाहणाऱ्या मराठी तरुणांनी हे उदाहरण अवश्य मनात ठेवावे. ज्या भाषेची त्यांना आज धास्ती वाटते त्याच भाषेत वाढलेल्या एका स्त्रीने शंभर वर्षांपूर्वी त्यांची भाषा आत्मसात केली होती.

भाषेचा हा मुद्दा केवळ भावनेचा नाही. परदेशी नेमलेल्या कर्मचाऱ्यांसंबंधीच्या अनेक पाहण्यांचे 2005 मध्ये एकत्रित विश्लेषण झाले. तेथील भाषा येणे हे तेथील माणसांशी जुळण्याशी निगडित आहे, हे त्यात दिसून आले. आणि जोडीदाराचे तेथे जुळणे हे कर्मचाऱ्याच्या जुळण्याशी फार घट्ट बांधलेले आहे, हेही दिसून आले. पूर्वी परदेशी राहून आल्याचा अनुभव मात्र समजला जातो तितका उपयोगी पडत नाही. यातील जोडीदाराचा मुद्दा आपल्याकडे जवळजवळ दुर्लक्षित आहे. अमेरिकेत एच-1बी परवान्यावर गेलेल्या नोकरदाराच्या पत्नीला 2015 पर्यंत कामाची मुभा जवळजवळ नव्हती. त्या वर्षी ग्रीन कार्डाच्या रांगेत ठरावीक टप्प्याला पोचलेल्यांच्या जोडीदारांपुरती ती मिळाली. पदव्युत्तर शिक्षण घेतलेली, येथे स्वतः कमावणारी स्त्री तेथे केवळ कायद्याने घरात बसविली गेली. ती खिन्न झाली तर घरच्यांनी पत्रातून आणि दूरध्वनीवरून तिला ‘मन रमव’ असा उपदेश केला. मन रमविणे हा कायद्याला पर्याय कसा असू शकेल?

प्रवासी मंडळींची आपली मंडळे हा असाच दुधारी विषय आहे. लंडनचे महाराष्ट्र मंडळ 1932 पासून आहे. उत्तर अमेरिकेतील बृहन्महाराष्ट्र मंडळ 1981 मध्ये स्थापन झाले. नवख्याला खोली, ओळख, सणाला पुरणपोळी आणि अडचणीत चार शब्द येथे मिळतात, आणि पहिल्या सहा महिन्यांत त्याचे मोल पैशात होणार नाही. परंतु आठवड्याचे सातही दिवस जो आपल्याच लोकांत घालवितो त्याला तेथील समाज कायमचा परका राहतो. आधार केव्हा घ्यावा आणि तो केव्हा सोडावा, येथे मात्र स्वभावाची खरी परीक्षा आहे.

आता यातील अर्थकारण पाहू. 2023-24 मध्ये परदेशस्थ भारतीयांनी मायदेशी सुमारे 11,900 कोटी डॉलर पाठविले. रिझर्व्ह बँकेच्या त्या वर्षीच्या पाहणीनुसार त्यातील सुमारे पाचवा हिस्सा महाराष्ट्रात आला आणि आपल्या राज्याने केरळलाही किंचित मागे टाकले. म्हणजे परदेशी गेलेल्या माणसाच्या चिकाटीवर केवळ त्याचे घर उभे नाही. देशाच्या परकीय चलनाच्या गंगाजळीतही त्याचा वाटा आहे. लाभ असा सर्वांचा. पण तोटा कोणाचा? कंपनीचा व्यवस्थापक नेमणूक अर्धवट टाकून परतला तर खर्च कंपनीचा होतो. म्हणूनच कंपन्यांनी स्वभावाच्या कसोट्यांवर पैसा ओतला. कर्ज काढून आणि दागिने गहाण टाकून गेलेला वेल्डर परतला तर तोटा सर्वस्वी त्याचा. भरती करणाऱ्या दलालाची रक्कम आधीच वसूल झालेली असते. परवानाधारक एजंटाने कामगाराकडून 30 हजार रुपये अधिक कर यांहून जास्त शुल्क घेऊ नये असा नियम आहे. त्याहून किती तरी अधिक पैसे मोजून गेलेली माणसे आपल्या आसपास पाहावयास मिळतात. ज्याला अपयशाची झळ लागत नाही त्याला योग्य माणूस योग्य जागी पाठविण्याची निकड वाटत नाही, हा बाजाराचा साधा नियम आहे. ‘स्वभावाचा दोष’ हे त्याच्या दृष्टीने फार सोयीचे स्पष्टीकरण असते.

शिक्षकवर्गाने विचार करावा अशी एक गोष्ट येथे सांगतो. 1983 च्या उत्प्रवास कायद्याखाली ठरावीक देशांत नोकरीसाठी जाणाऱ्या, दहावी उत्तीर्ण नसलेल्या व्यक्तींना सरकारी तपासणीनंतरच जाऊ देण्याची व्यवस्था करण्यात आली. दहावी झालेल्यांना ही अट लागली नाही. याचा अर्थ असा, की दहावी उत्तीर्ण झालेला मनुष्य परक्या देशात स्वतःचे हित स्वतः पाहू शकेल, असे कायद्याने गृहीत धरले. आपण आपल्या विद्यार्थ्यांना दहावीपर्यंत नोकरीचा करार वाचावयास शिकवितो काय? मूळ वेतन आणि भत्ता यांतील फरक, पारपत्र मालकाच्या ताब्यात का देऊ नये, वकिलातीशी संपर्क कसा साधावा, यांतील एक तरी गोष्ट त्याला सांगतो काय? कायद्याने आपल्या प्रमाणपत्रावर टाकलेला विश्वास आपण सार्थ केलेला नाही. 2025 मध्ये या कायद्याच्या जागी आणावयाच्या नव्या विधेयकाचा मसुदा सरकारने प्रसिद्ध केला. परंतु कागदावरचे संरक्षण उपयोगी पडावयाचे तर तो कागद वाचणारा मनुष्य आधी तयार व्हावा लागतो.

यावर कोणी असे म्हणेल, की मग निवड करतानाच स्वभावाची चाचणी का घेऊ नये? अयोग्य माणूस जाणारच नाही आणि सर्वांचाच त्रास वाचेल. हा युक्तिवाद वरकरणी बिनतोड वाटतो; पण तो स्वीकारार्ह नाही. व्यवस्थापकांवरून बेतलेली मोजपट्टी परिचारिकेला आणि सुताराला लावणे शास्त्राला धरून होणार नाही. शिवाय नोकरीची गरज असलेला तरुण प्रश्नावलीत काय उत्तर अपेक्षित आहे ते ओळखून तेच लिहील. आणि सर्वांत वाईट म्हणजे, एकदा चाचणी उत्तीर्ण झालेला मनुष्य परतला की त्याचे खापर निःशंकपणे त्याच्याच डोक्यावर फुटेल. स्वभावाची ओळख जाणाऱ्याला स्वतःच्या उपयोगासाठी व्हावी. आपण कशाने खचतो आणि कशाने सावरतो हे त्याला कळावे. दुसऱ्याच्या हाती त्याला गाळण्याचे हत्यार म्हणून ती देऊ नये.

मग करावे काय? भाषेचे शिक्षण घाईने उरकावयाचा उपचार न ठेवता ते काम मिळण्याच्या पातळीपर्यंत न्यावे आणि त्या काळात उमेदवाराला निर्वाहवेतन द्यावे. केंद्र सरकारचे प्रस्थानपूर्व मार्गदर्शन आहे, पण ते एका दिवसाचे. एका दिवसात कोणता देश समजतो? परतलेल्या लोकांना या मार्गदर्शनासाठी बोलवावे आणि ज्यांचे ‘जमले नाही’ त्यांनाही अवश्य बोलवावे, कारण खड्डा कोठे आहे हे त्यात पडलेल्यालाच नेमके ठाऊक असते. पहिल्या सहा महिन्यांत तेथे विचारपूस करणारी व्यवस्था करारातच अंतर्भूत करावी. जोडीदाराच्या भाषाशिक्षणाची आणि कामाच्या हक्काची बोलणी सरकारने कराराच्या टेबलावर करावीत. आणि मुदतीआधी परतणाऱ्याच्या कर्जाचा काही भार भरती करणाऱ्यावर टाकावा. म्हणजे माणूस पाठविण्याआधी तोही दोनदा विचार करील.

जाणाऱ्या तरुणासाठी शेवटी एवढेच सांगावयाचे आहे. स्वभाव हे भांडवल आहे हे खरे. परंतु नुसत्या भांडवलावर धंदा चालत नाही, हे अर्थशास्त्राच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही ठाऊक असते. आपला स्वभाव ओळखा, पण त्याचा बाऊ करू नका. भाषा शिका, करार वाचा, पारपत्र स्वतःजवळ ठेवा आणि मन खचले तर ते बोलून दाखविण्यात कमीपणा मानू नका. आणि मागे राहणाऱ्या आपण सर्वांनी, उद्या यांपैकी कोणी ठरलेल्या मुदतीआधी परत आला तर त्याला ‘का जमले नाही?’ असे विचारण्याऐवजी ‘तेथे काय झाले?’ असे विचारण्याची सवय लावून घ्यावी. त्या प्रश्नाची उत्तरे नीट ऐकून घेतली, तर पुढच्या करारात कोणती कलमे असावीत हे सरकारला वेगळे शोधावे लागणार नाही.